एकशे एक की एकशे चौऱ्याण्णव? गोव्याचा किनारा आणि बेन्वा मँडेलब्रॉट

माझी भाची सातवीत आहे. तिच्या वहीत गोव्याच्या किनाऱ्याची लांबी १०५ किलोमीटर लिहिलेली आहे. मध्यंतरी वर्तमानपत्र चाळताना तिला वेगळाच आकडा दिसला : १९३.९५. तिने वही आणि पेपर दोन्ही माझ्यापुढे आणून ठेवले आणि विचारले, ‘‘मामा, हा वाढलेला किनारा कुठे आहे? रविवारी जाऊया ना बघायला.’’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२४च्या अखेरीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात देशाच्या किनाऱ्याची लांबी बदलली. १९७०च्या दशकापासून चालत आलेला ७,५१६.६ किलोमीटर हा आकडा एकदम ११,०९८.८१ झाला. राज्यवार तक्त्यात गोव्यापुढे पूर्वी १०१ होते, तिथे १९३.९५ आले. १०५ हा आपल्याकडे तोंडी आणि पाठ्यपुस्तकी चालणारा आकडा, तो आणखी तिसरा. समुद्र मागे हटला नाही, नवी पुळण तयार झाली नाही, शेजारच्या राज्याने आपल्याला काही दिले नाही. तरी किनारा जवळजवळ दुप्पट.

हे कोडे ज्याने जगापुढे नीट मांडले तो गणिती म्हणजे बेन्वा मँडेलब्रॉट. १४ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, वयाच्या ८५व्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. त्याची जन्मशताब्दी होती २० नोव्हेंबर २०२४ला, आपला नवा आकडा बाहेर पडण्याच्या थोडेच दिवस आधी. योगायोगच, पण त्याला आवडला असता.

आधी काडी आणि तांदूळ

भाचीला मी गोव्याचा मोठा नकाशा जमिनीवर पसरायला सांगितला. स्वयंपाकघरातून काडेपेटी आणली. उत्तरेकडच्या तेरेखोलपासून दक्षिणेकडच्या पोळ्यापर्यंत, किनाऱ्याच्या रेषेवर टोकाला टोक लावत काड्या मांडायच्या. काम दोन मिनिटांत संपले. मग त्याच रेषेवर उकड्या तांदळाचे दाणे मांडायला घेतले. याला अर्धी दुपार गेली.

दाण्यांनी भरलेली लांबी काड्यांच्या लांबीपेक्षा चांगलीच जास्त आली. फरक कुठे पडला तेही समोर दिसत होते. वेळसांवपासून मोबोरपर्यंतची वाळू जवळजवळ सरळ आहे, तिथे काडी आणि दाणा यांचे भांडण नाही. पण शापोऱ्याच्या मुखाशी काडीने एका उडीत नदी ओलांडली, दाणे मात्र आत वळले. आग्वादचे टोक, दोनापावलचा कोपरा, खाली काब द रामचा कडा, आगोंद आणि पाळोळ्याच्या चंद्रकोरी : काडी जिथे जवळची सरळ वाट घेते तिथे दाणा वळसा घालतो. दाण्याऐवजी मोहरी घेतली असती तर आणखी वळसे सापडले असते.

पट्टी जितकी लहान, लांबी तितकी मोठी. सगळी गोम या एका वाक्यात आहे.

सरकारी पट्टी किती मोठी होती?

जुना आकडा १ : ४५,००,००० या प्रमाणाच्या नकाशावरून काढलेला होता. म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर ४५ किलोमीटर. हिशेब करा : त्या कागदावर आपला अख्खा गोव्याचा किनारा सव्वादोन सेंटीमीटरच्या आत बसतो! अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ तिथे सव्वादोन किलोमीटर जागा खाते. मांडवीचे मुख त्या रेघेखाली नाहीसे व्हायला वेळ लागत नाही. नकाशावर तेरेखोल ते पोळे अशी सरळ पट्टी ठेवली तर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. जुना आकडा १०१. किनारा नावाची वस्तू त्यात फारशी शिल्लकच नव्हती.

नव्या मोजणीसाठी १ : २,५०,००० या प्रमाणाचे नकाशे घेतले गेले, आणि २०११च्या माहितीवरून भरतीच्या पाण्याची रेषा मोजली गेली. इथे एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. पेन्सिलची तीच रेघ आता सव्वाशे मीटरच व्यापते. नदीमुखे, खाड्या, कातळाचे सुळके दिसू लागतात आणि लांबीत जमा होतात. पट्टी अठरा पट बारीक झाली.

‘आपला किनारा वाढला’ ही बातमी म्हणजे खरे तर ‘आपला चष्मा बदलला’ अशी बातमी आहे.

स्पेनची सीमा वेगळी, पोर्तुगालची वेगळी

ही गंमत पहिल्यांदा मँडेलब्रॉटला दिसली असे नव्हे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ होता (१८८१–१९५३). क्वेकर पंथाचा, युद्धविरोधी; पहिल्या महायुद्धात बंदूक न उचलता रुग्णवाहिका चालवणारा. पुढे त्याच्या डोक्यात प्रश्न आला की दोन देशांची सामाईक सीमा जितकी लांब तितकी त्यांच्यात युद्धे जास्त होतात का. उत्तर शोधायला सीमांच्या लांब्या लागणार. त्याने पुस्तके उघडली आणि चक्रावला. स्पेन म्हणतो पोर्तुगालशी आमची सीमा ९८७ किलोमीटर. पोर्तुगाल म्हणतो १,२१४. तीच सीमा! हॉलंड आणि बेल्जियममध्ये तसेच : ३८० आणि ४४९.

कोणी खोटे बोलत नव्हते. लहान देश आपल्या सीमेकडे बारकाईने बघतो, मोठा देश मोठी पट्टी लावून मोकळा होतो. आपल्या वाड्यात बांधाच्या वादात सापडलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. छोट्या तुकड्याचा मालक वीत न् वीत मोजतो.

रिचर्डसनचे हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १९६१मध्ये छापले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगीज गोव्यातून गेले, पण तो विषय वेगळा. लिखाण कोपऱ्यात पडून राहिले.

मँडेलब्रॉटने त्यात काय पाहिले?

मँडेलब्रॉटचा जन्म वॉर्साचा, घर ज्यू. १९३६मध्ये कुटुंब फ्रान्सला आले, आणि म्हणून वाचले. युद्धाची वर्षे तुल नावाच्या गावाकडे लपतछपत गेली, शाळा तुटक झाली. काका पॅरिसमधला नावाजलेला गणिती, पण पुतण्याला काकाचे चित्राविना गणित मानवले नाही. याला आकार दिसायचे. १९५८मध्ये तो अमेरिकेत आयबीएम कंपनीत लागला आणि पस्तीस वर्षे तिथेच राहिला. विद्यापीठातली कायमची प्राध्यापकी त्याला येल विद्यापीठात मिळाली ती पंचाहत्तरीला टेकल्यावर. नावात मधे ‘बी’ हे आद्याक्षर त्याने स्वतःच घातले होते, त्याचा काही अर्थ नव्हता. गणितातले लोक गमतीने सांगतात की ‘बी’ म्हणजे ‘बेन्वा बी. मँडेलब्रॉट’. विनोद आत्ता कळला नसेल तर लेखाच्या शेवटाकडे कळेल.

१९६७मध्ये त्याने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लहानसा लेख लिहिला. मथळा होता, ब्रिटनचा किनारा किती लांब आहे? त्याचे म्हणणे असे : लांबी हा किनाऱ्याचा गुण नाहीच. तो किनारा आणि पट्टी या जोडीचा गुण आहे. पट्टी सांगितल्याशिवाय लांबी सांगणे म्हणजे नग, डझन की किलो हे न सांगता बांगड्यांचा भाव सांगण्यासारखे. (बांगडे, हातातल्या बांगड्या नव्हेत.) पण पट्टी बदलताना लांबी ज्या वेगाने बदलते तो वेग मात्र त्या किनाऱ्याचा स्वतःचा असतो. तोच मोजूया.

तो कसा मोजायचा? इथे एकच शब्द लागेल, मिती. सरळ रस्ता घ्या. एक मीटरची पट्टी शंभर वेळा बसली तर अर्ध्या मीटरची दोनशे वेळा बसणार. पट्टी अर्धी, संख्या दुप्पट. याला म्हणायचे एक मिती. आता खोलीला फरशी घाला. फरशीची बाजू अर्धी केली तर फरश्या चौपट लागतात. या दोन मिती. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर पट्टी अर्धी केली की ती सुमारे २.३८ पट वेळा बसते. रस्त्यापेक्षा जास्त, फरशीपेक्षा कमी. म्हणून त्या किनाऱ्याची मिती १.२५. रिचर्डसनच्या आकड्यांवरून दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याची येते १.०२, म्हणजे जवळजवळ सरळ रस्ताच.

मिती म्हणजे एक, दोन, तीन असे आपण शाळेत शिकतो. ती सव्वासुद्धा असू शकते, हे पचायला जड आहे. पण सव्वाचा अर्थ गूढ नाही. रेषा किती खडबडीत आहे, याचा तो गुणांक. मोठ्या वळणात लहान वळण, लहानात आणखी लहान, अशा खडबडीत आकारांना मँडेलब्रॉटने १९७५मध्ये ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले, मोडलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. पाहायचा असेल तर फ्लॉवरचा गड्डा घ्या. एक तुरा मोडा. तो छोटा गड्डाच दिसतो. त्याचा तुरा मोडा, तोही गड्डा. झाडाचा बुंधा, फांदी, डहाळी, आपल्या फुप्फुसातल्या नळ्या, वीज. गुळगुळीत वर्तुळे आणि त्रिकोण निसर्गात अपवाद आहेत. मँडेलब्रॉटपूर्वी भूमिती अपवादांचीच चालली होती.

मग गोव्याची मिती किती?

हे मी वहीच्या मागच्या पानावर केलेले गणित, शास्त्रीय मोजणी म्हणून कुठे दाखवू नका. पट्टी अठरा पट बारीक झाली, तेव्हा गोव्याची लांबी १०१वरून १९३.९५, म्हणजे १.९२ पट झाली. यावरून मिती येते साधारण १.२३. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याच्या शेजारी! केरळ ५६९.७वरून जेमतेम ६००.१५ वर गेला, त्याची १.०२. सरळ, वाळूचा, आज्ञाधारक किनारा. आणि पश्चिम बंगाल १५७.५वरून ७२१.०२, मिती दीडच्या वर. सुंदरबनचा नकाशा ज्याने पाहिलाय त्याला आश्चर्य वाटणार नाही.

दोनच बिंदूंवरून वेग काढणे धोक्याचे आहे, आणि दोन मोजण्यांमध्ये पट्टीखेरीज इतरही गोष्टी बदलल्या. तरीही मला हे आकडे लांबीच्या आकड्यांपेक्षा बोलके वाटतात. १९३.९५ ऐकून गोव्याबद्दल काही कळत नाही. १.२३ ऐकून कळते.

‘म्हणजे पट्टी बारीक करत गेलो तर किनारा अनंत लांब?’

कागदावर, हो. स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉखने १९०४मध्येच असा एक आकार रचला होता. सरळ रेषेचा मधला तिसरा भाग काढून तिथे टोकदार टोपी बसवा, मग प्रत्येक नव्या रेषेवर तेच करा, थांबू नका. दर खेपेला लांबी एक-तृतीयांशाने वाढते, आणि वाढतच राहते.

मिरामारच्या वाळूत मात्र हे कुठेतरी संपते. वाळूच्या कणाखाली गेलात की ‘किनारा’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. त्याच्या कितीतरी आधी दुसरी अडचण येते : पाणी एका जागी उभे राहत नाही. आपल्याकडे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी दोनेक मीटर वरखाली होते, आणि उताराच्या पुळणीवर तेवढ्यात काठ कितीतरी पावले सरकतो. म्हणूनच मोजणी करताना भरतीची रेषा असे काहीतरी ठरवून घ्यावे लागते. म्हणजे पट्टी ठरवायची आणि रेषाही ठरवायची. भौतिकशास्त्रातल्या काहींचा मँडेलब्रॉटवर आक्षेप होता तो हाच, की निसर्गातले फ्रॅक्टल काही पायऱ्यांनंतर संपतात. आक्षेप खरा आहे. पण संपूर्ण सरळ रेषा आणि संपूर्ण गोल चेंडूही निसर्गात नसतात, त्यावरून आपण युक्लिडची भूमिती टाकून दिली नाही.

‘मग गोव्याचे क्षेत्रफळही वाढले असेल’

नाही. ते ३,७०२ चौरस किलोमीटरच आहे. लांबी पसरते, क्षेत्रफळ पसरत नाही, हे ऐकताना विचित्र वाटते, पण पलंगपोसाला झालर लावताना काय होते ते आठवा. चुण्या जितक्या जास्त तितके झालरीचे कापड लांब लागते. पलंग तेवढाच राहतो. बारीक वळसे थोडी जमीन आत घेतात, थोडी बाहेर टाकतात, आणि हा हिशेब लवकर स्थिरावतो. कॉखची टोपी त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर चढवली तर परीघ बेलगाम होतो, पण आतले क्षेत्रफळ मूळच्या १.६ पटीवर गुपचूप थांबते.

‘पुदुच्चेरीचा किनारा कमी कसा झाला?’

हा आक्षेप भाचीचा नाही, माझ्या एका मित्राचा, आणि चांगला आहे. नव्या तक्त्यात पुदुच्चेरी ४७.६ वरून ४२.६५ वर आली. पट्टी बारीक केली की लांबी वाढलीच पाहिजे, हे एकाच रेषेबाबत खरे. इथे चाळीसेक वर्षांच्या अंतराने वेगळ्या माहितीवरून, वेगळ्या पद्धतीने काढलेल्या दोन रेषा आहेत. आकडा बदलला की त्याचे श्रेय सगळे पट्टीला देता येत नाही, एवढेच यातून कळते. माझ्या १.२३वर विसंबू नका म्हटले ते म्हणूनच.

ज्या रेषेचे आपल्याला सोयरसुतक आहे

लांबीच्या आकड्याने गोव्यातल्या कुणाच्या घराला धक्का लागत नाही. पट्टीने मात्र लागतो. किनारी नियमन क्षेत्राचे कायदे, म्हणजे आपण सगळे ज्याला सीआरझेड म्हणतो ते, भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे किती मीटर हे बघतात. २०११च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात समुद्राच्या काठी २०० मीटर नवे बांधकाम नाही. किनारा १०१ असो की १९४, हे २०० मीटर तेवढेच.

पण ती भरतीची रेषा कागदावर काढतात कुठल्या प्रमाणाने? या कायद्याखाली तयार होणाऱ्या किनारी आराखड्याच्या नकाशांचे प्रमाण १ : २५,०००. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ साडेबारा मीटर रुंद. तुमचे घर १९५ मीटरवर आहे की २०५वर, हे त्या रेघेच्या पोटात हरवते. स्थानिक पातळीचे नकाशे १ : ४,००० प्रमाणाचे, तिथे तीच रेघ दोन मीटरची. आराखड्याच्या मसुद्यांवरच्या सुनावण्या गोव्यात इतक्या तापतात, त्यामागे राजकारण आहेच, पण पट्टीही आहे. वाळूची टेकडी नकाशावर ‘नाही’ असे ऐकू आले, की विचारावे : नाही, की तुमच्या प्रमाणात मावली नाही?

त्यात आपली नद्यांची आणि खाजनांची, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतांची, भानगड. भरतीचे खारे पाणी मांडवी-जुवारीतून पार आत शिरते, आणि कायदाही क्षारतेच्या मर्यादेपर्यंत त्याच्या मागे जातो. खाजनात मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेची, दारे भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. तिथे समुद्राचा काठ नेमका कुठला, बांधाच्या बाहेरचा की आतल्या पोयीचा, म्हणजे आत साठणाऱ्या पाण्याचा? शेकडो वर्षे हा प्रश्न गावकऱ्यांनी दगडमातीच्या बांधाने सोडवला. नकाशा काढणाऱ्याला तो पट्टी निवडून सोडवावा लागतो.

‘गणित्यांनी मँडेलब्रॉटला गणिती मानले का?’

बराच काळ अर्धवटच. चित्रे सुंदर, सिद्धता कुठे आहेत, अशी कुजबुज असे. त्याच्या नावाचा प्रसिद्ध संच १९८०मध्ये त्याने संगणकावर काढला : एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, ठरलेली संख्या मिळवा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा, आणि उत्तर पळत सुटते की जागेवर घुटमळते ते बघा. एवढ्या नियमातून असा काठ निघतो की कितीही मोठा करून पाहिला तरी नवीन आखाते आणि बेटे दिसतातच, आणि मधूनच पूर्ण आकाराची चिमुकली प्रत. (‘बी’चा विनोद आता कळावा.) त्या काठाची मिती पूर्ण दोन आहे, हे १९९१मध्ये मित्सुहिरो शिशिकुरा या जपानी गणित्याने सिद्ध केले. रेषाच ती, पण खडबडीतपणात फरशीला गाठणारी.

दुसरा दाखला मला जास्त आवडतो. पाण्यावरचा परागकण कसाही भरकटतो. त्याच्या वाटेने व्यापलेल्या जागेला बाहेरून एक किनारा असतो. त्याची मिती ४/३ असावी, असा मँडेलब्रॉटचा १९८२चा अंदाज. चित्रे बघून केलेला. लॉलर, श्रॅम आणि वेर्नर या तिघा गणित्यांनी २०००च्या सुमारास तो सिद्ध केला, आणि वेर्नरला २००६मध्ये गणितातले मानाचे फील्ड्स पदक मिळाले त्यात या कामाचा वाटा होता. पाहून ओळखणे हेसुद्धा गणित असते, एवढे मान्य व्हायला वीस वर्षे लागली.

बाजारात मात्र त्याचे फारसे कुणी ऐकले नाही. १९६३मध्ये कापसाच्या भावांचा अभ्यास करून त्याने दाखवले होते की भावांचे मोठे धक्के नेहमीच्या सूत्रात बसतात त्यापेक्षा पुष्कळ वेळा येतात, आणि दिवसाचा आलेख महिन्याच्या आलेखासारखाच खडबडीत असतो. ज्यांनी पैसे लावले त्यांना गुळगुळीत रेषा सोयीची होती.

भाचीला मी सांगितले, परीक्षेत पुस्तकातले १०५च लिही, मार्क घालवू नकोस. आणि कबूल केल्याप्रमाणे रविवारी वाढलेला किनारा दाखवायला तिला शापोऱ्याच्या किल्ल्यावर नेले. डावीकडे वागातोरचे कातळ, उजवीकडे नदीचे मुख, पलीकडे मोरजीची वाळूची जीभ. हे सगळे काडीने एका उडीत ओलांडले होते, ते तिला वरून दिसले. थोडा वेळ ती बघत राहिली. मग खाली लाटा फुटत होत्या तिथल्या एका काळ्या खडकाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘मामा, पण हा तर दाण्यानेसुद्धा सुटला.’’